लिनक्समधील सर्व्हिसेस आणि बूट मोड

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू होताना कोणत्या सर्व्हिसेस सुरू करायच्या, कोणत्या क्रमाने करायच्या आणि कोणत्या टप्प्यावर मशीन वापरणाऱ्याच्या हाती द्यायचे, हे ठरवणारी व्यवस्था. नेटवर्क जोडणे, लॉग लिहिणे, दूरवरून आलेले लॉगिन स्वीकारणे, डेटाबेस किंवा वेब सर्व्हर चालवणे, ग्राफिकल लॉगिनचा पडदा दाखवणे ही कामे पडद्यामागे चालणारे जे प्रोग्राम करतात, त्यांना सर्व्हिस किंवा डेमन म्हणतात. त्यांचा कोणता संच चालू असावा, यावरून बूट मोड ठरतो. बहुतेक प्रमुख डिस्ट्रिब्युशनमध्ये (डेबियन, उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या तयार संचांमध्ये) हे काम आज सिस्टिमडी करते.

बूटलोडर (बहुधा ग्रब) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत आणतो. कर्नल हार्डवेअर ओळखतो, रूट फाइलसिस्टिम (प्रणालीच्या फाइलींचा मुख्य साठा) जोडली जाते आणि मग कर्नल पहिली प्रोसेस सुरू करतो. तिचा क्रमांक 1. बाकी सगळ्या सर्व्हिसेस तिच्यापासूनच निघतात, आणि ती बंद पडली तर कर्नल पॅनिक होऊन मशीन जागीच थांबते. म्हणून या प्रोसेसच्या जागी कोणता प्रोग्राम असावा, यावर लिनक्सच्या जगात वर्षानुवर्षे कडाक्याचे वाद झाले.

रनलेव्हलचा काळ

जुनी पद्धत 1983 च्या सिस्टिम व्ही युनिक्सच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात मोडला रनलेव्हल म्हणत आणि त्याला आकडा असे. 0 म्हणजे मशीन बंद, 1 म्हणजे एकट्या प्रशासकासाठी दुरुस्तीचा मोड, 6 म्हणजे रीबूट. रेड हॅटच्या परंपरेत 3 म्हणजे नेटवर्कसह मजकुरी लॉगिन आणि 5 म्हणजे ग्राफिकल लॉगिन. डेबियनमध्ये मात्र 2 ते 5 मुळात सारखेच होते. एकीकडची सवय दुसरीकडे घेऊन जाणारे त्यामुळे हमखास गोंधळत. प्रत्येक रनलेव्हलसाठी एक डिरेक्टरी आणि तिच्यात 'एस10नेटवर्क', 'एस85एचटीटीपीडी' अशा नावांच्या सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) असत. 'एस'ने सुरू होणारी लिंक म्हणजे सर्व्हिस चालू करा, 'के'ने सुरू होणारी म्हणजे बंद करा. पुढचा आकडा क्रम सांगे.

ही रचना कुणालाही उघडून वाचता येत होती, हा तिचा मोठा गुण. पण स्क्रिप्ट एकामागून एक चालत. एक अडली की मागच्या सगळ्या खोळंबत. शिवाय सर्व्हिस खरोखर जिवंत आहे की नाही, हे एका फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या प्रोसेस क्रमांकावरून ताडावे लागे.

या अडचणीवर उबुंटूने 2006 मध्ये अपस्टार्ट आणले. 2010 मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टिमडी पुढे आणले. सर्व्हिससाठी लागणारे सॉकेट (संदेश येण्याची दारे) आधीच उघडून ठेवायचे आणि सर्व्हिसेस एकदम सुरू करायच्या, ही त्यातली कळीची कल्पना. समोरची सर्व्हिस तयार नसली तरी तिच्याकडे आलेले संदेश कर्नल तोवर धरून ठेवतो. प्रत्येक सर्व्हिस वेगळ्या सीग्रुपमध्ये (कर्नलने एकत्र मोजलेल्या प्रोसेसच्या गटात) चालत असल्याने तिच्या पोटातून निघालेल्या सगळ्या प्रोसेसचा हिशोब राहतो. 2011 मध्ये फेडोरा 15 ने सिस्टिमडी स्वीकारले, 2015 मध्ये डेबियन 8 आणि उबुंटू 15.04 ने. डेबियनमधला निर्णय इतका अटीतटीचा होता की 2014 मध्ये तांत्रिक समितीत अध्यक्षांचे निर्णायक मत लागले. नाराज मंडळींनी वेगळे होऊन देवुआन काढले. सिस्टिमडीऐवजी अल्पाइन हे डिस्ट्रिब्युशन ओपनआरसी वापरते, तर व्हॉइड रनइट. एकाच प्रकल्पाकडे फार काही एकवटते आहे, हा विरोधकांचा आक्षेप बिनबुडाचा नाही. पण सिस्टिमडी असलेल्या कोणत्याही डिस्ट्रिब्युशनवर तीच कमांड चालते, ही प्रशासकाच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे.

आत्ता आणि पुढच्या बूटला

सिस्टिमडीमध्ये प्रत्येक गोष्ट 'युनिट' असते: सर्व्हिस, सॉकेट, टायमर, माउंट, टार्गेट (एका मोडसाठी लागणाऱ्या युनिटांचा गट). सगळा कारभार 'सिस्टिमसीटीएल' या कमांडने चालतो. तिच्या वापरात एक भेद पक्का समजला की अर्धे काम झाले. 'स्टार्ट' सर्व्हिस या क्षणी चालू करते, पुढच्या बूटशी तिचा संबंध नाही. 'इनेबल' पुढच्या बूटची सोय करते, या क्षणी काहीच चालू करत नाही. 'स्टॉप' आणि 'डिसेबल' यांचेही तसेच. मशीन रीबूट झाल्यावर साइट बंद दिसते, तेव्हा बऱ्याचदा कुणीतरी 'स्टार्ट' करून 'इनेबल' करायचे विसरलेले असते. दोन्ही एकदम हवे असेल तर 'इनेबल'ला 'नाऊ' हा पर्याय जोडता येतो.

'इनेबल' आतून काय करते, हे एकदा स्वतः पाहावे. दूरवरून आलेले लॉगिन स्वीकारणाऱ्या एसएसएचच्या युनिट फाइलच्या शेवटी 'इन्स्टॉल' विभाग असतो आणि त्यात 'वाँटेडबाय' पुढे मल्टी-युझर टार्गेटचे नाव. 'इनेबल' केल्यावर '/इटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम' खाली त्या टार्गेटच्या 'वाँट्स' डिरेक्टरीत एक सिमलिंक तयार होते. बस्स, एवढेच. 'डिसेबल' ती लिंक काढून टाकते. रनलेव्हलच्या काळातली लिंकांची कल्पना अशी नव्या घरात तग धरून आहे. डिसेबल केलेली सर्व्हिसही दुसऱ्या युनिटच्या मागणीवरून सुरू होऊ शकते. ती अजिबात चालू नये असे वाटत असेल तर 'मास्क' करावी. मग तिचे नाव '/डेव्ह/नल' या कायम रिकाम्या फाइलकडे वळवले जाते आणि हाताने 'स्टार्ट' केले तरी नकार मिळतो.

पॅकेजबरोबर आलेल्या युनिट फाइल '/यूएसआर/लिब' खाली असतात. त्यांना हात लावू नये, पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसले जातात. 'सिस्टिमसीटीएल एडिट' वापरले तर फक्त बदललेल्या ओळींची पुरवणी फाइल '/इटीसी' खाली तयार होते आणि तिचे म्हणणे वरचढ ठरते. फाइल हाताने बदलली असेल तर 'डीमन-रीलोड' करावे लागते, नाहीतर सिस्टिमडी जुनीच प्रत धरून बसते.

क्रम आणि गरज या दोन गोष्टीही सिस्टिमडी वेगळ्या मानते. 'रिक्वायर्स' किंवा 'वाँट्स' सांगतात की ते दुसरे युनिट हवे. 'आफ्टर' सांगते की त्याच्यानंतर सुरू व्हायचे. फक्त 'रिक्वायर्स' लिहिले तर दोन्ही युनिट एकाच वेळी सुरू होतात, आणि डेटाबेस अजून उठतोय तोवर ॲप त्याच्याशी बोलायला जाऊन आपटते.

टार्गेट आणि अडचणीतले बूट

रनलेव्हलची जागा आता टार्गेटने घेतली आहे. 3 च्या जागी मल्टी-युझर, 5 च्या जागी ग्राफिकल, 1 च्या जागी रेस्क्यू. इथेही तोच भेद आहे: 'सेट-डिफॉल्ट' पुढच्या बूटचा मोड ठरवते, तर 'आयसोलेट' मोड लगेच बदलते आणि नव्या टार्गेटला नको असलेले सगळे बंद करते. ग्राफिकल सत्रात बसून मल्टी-युझरला आयसोलेट केले तर ते सत्रच संपते आणि जतन न केलेले काम जाते.

मशीन नीट उठत नसेल तर ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी 'सिस्टिमडी.युनिट=रेस्क्यू.टार्गेट' जोडतात. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो, म्हणून निर्धास्तपणे करावा. रेस्क्यूमध्ये स्थानिक फाइलसिस्टिम जोडलेल्या असतात, नेटवर्क नसते. इमर्जन्सी मोड त्याहून मोजका: एक शेल आणि रूट फाइलसिस्टिम, तीही बहुधा फक्त वाचण्यापुरती. दोन्हीकडे रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासक खात्याचा, पासवर्ड लागतो. ज्या डिस्ट्रिब्युशनमध्ये रूट खाते बंद ठेवलेले असते, तिथे हा दरवाजा ऐन वेळी उघडत नाही. मग कर्नलच्या ओळीत 'इनिट=/बिन/बॅश' (पहिली प्रोसेस म्हणून थेट शेल) किंवा यूएसबीवरची लाइव्ह प्रणाली, एवढाच मार्ग उरतो. ग्रबची ओळ बदलता येणाऱ्याला पासवर्डशिवाय रूट होता येते, हेही यातून उघड होते. मशीनपर्यंत इतरांचा हात पोहोचत असेल तर ग्रबला पासवर्ड आणि डिस्कला एन्क्रिप्शन हवेच.

इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पडण्याचे नेहमीचे कारण '/इटीसी/एफएसटॅब'मधली, म्हणजे बूटला जोडायच्या डिस्कच्या यादीतली, चूक. डिस्क काढली, पण तिची ओळ तशीच राहिली. सिस्टिमडी त्या डिस्कची साधारण 90 सेकंद वाट पाहते, पडद्यावर काउंटर पळत राहतो आणि शेवटी इमर्जन्सी शेल येते. रूट फाइलसिस्टिम लिहिण्याजोगी नसेल तर 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' द्यावे, ती ओळ दुरुस्त करावी आणि रीबूट करावे. बाहेरच्या डिस्कच्या ओळीत आधीच 'नोफेल' लिहिले असते तर बूट अडलेच नसते.

बूट हळू वाटत असेल तर 'सिस्टिमडी-ॲनालाइझ ब्लेम' प्रत्येक युनिटला लागलेला वेळ दाखवते. पण यादीत वर दिसणारे युनिट खरोखर दोषी असेलच असे नाही, कारण कामे समांतर चालतात. बूट नेमके कशावर अडून राहिले, ते 'क्रिटिकल-चेन' सांगते. मागच्या बूटमध्ये काय बिघडले, हे 'जर्नलसीटीएल -बी -1' दाखवते. त्यासाठी लॉग डिस्कवर टिकलेला असावा लागतो. बऱ्याच डिस्ट्रिब्युशनच्या मूळ सेटिंगमध्ये '/व्हार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरी नसेल तर जर्नल (सिस्टिमडीचा लॉग) '/रन'मध्ये, म्हणजे मेमरीतच राहते आणि रीबूटबरोबर नाहीशी होते. सर्व्हर उभा करतानाच ती डिरेक्टरी आहे ना, हे पाहून घ्यावे.