वर उडवलेलं लिंबू आणि पॉजचं बटण

दिवाळीत भाची राहायला आली होती, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, तर मी तिला स्वयंपाकघरातच एक लिंबू वर उडवून दाखवलं आणि विचारलं, हातातून सुटून लिंबू वर चाललंय तेव्हा त्याच्यावर कुठली कुठली बलं आहेत सांग. ती लगेच म्हणाली, "सोपंय मावशी, गुरुत्वाकर्षण खाली ओढतं आणि हाताचं बल वर ढकलतं, ते हळूहळू कमी होत जातं, टोकाला दोन्ही सारखी झाली की लिंबू क्षणभर थांबतं." आणि हे सांगणारी पोरगी त्याच आठवड्यात न्यूटनच्या नियमांवरचं तासाभराचं लेक्चर बघून आली होती, खूप आवडलं म्हणत होती.

उत्तर चुकलं. हात सुटला तिथेच हाताचं बल संपलं. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर वर जाताना, टोकाला आणि खाली येताना लिंबावर एकच बल असतं, पृथ्वीचं, ५० ग्रॅमच्या लिंबावर साधारण अर्धा न्यूटन. टोकाला वेग शून्य होतो पण बल तेवढंच राहतं, म्हणून तर ते तिथे लटकून न राहता परत येतं. वर जातं ते हातातून निघताना मिळालेल्या वेगामुळे, त्याला कुणी ढकलत राहावं लागत नाही.

हा प्रश्न माझ्या डोक्यातून आलेला नाही. व्हेरिटासियम या यूट्यूब चॅनेलचा डेरेक मुलर, त्याने २००८ मध्ये सिडनी युनिव्हर्सिटीत फिजिक्सचे व्हिडिओ लोकांना खरंच शिकवतात का यावरच पीएचडी केली, त्यात अशाच वर उडवलेल्या चेंडूचा प्रश्न होता. साधा, स्वच्छ, बरोबर समजावणारा व्हिडिओ दाखवला की मुलं म्हणायची छान होता, सगळं कळलं, आणि टेस्टमध्ये मार्क जवळपास होते तेवढेच. वर आपल्या जुन्या चुकीच्या उत्तरावरचा विश्वास वाढलेला! कारण डोक्यात आधीच एक समजूत असते आणि बरोबर वाक्य कानावर पडलं तरी आपल्याला वाटतं की हे तर मला माहीतच होतं. मग त्याने दुसरे व्हिडिओ केले, त्यात आधी ती चुकीची समजूत कुणीतरी बोलून दाखवतं आणि मग ती खोडून काढली जाते. ते मुलांना गोंधळात टाकणारे वाटले, पण मार्क तिथे वाढले.

मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण दोन वर्षं माझंही तेच चाललं होतं. मी अकाउंट्सचं काम करते, बारावीनंतर फिजिक्स सुटलं ते सुटलंच, आणि चाळिशीत परत धरलं ते या फुकटच्या लेक्चर्समुळे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००१ मध्ये जाहीर केलं की आमच्या कोर्सचं साहित्य सगळ्या जगाला फुकट देणार, पुढच्या वर्षी पहिले ५० कोर्स टाकले, तिथून हा दरवाजा उघडला. येल युनिव्हर्सिटीत रामामूर्ती शंकर यांचा फिजिक्सचा पहिला कोर्स २००६ साली रेकॉर्ड झालाय, २४ लेक्चर्स, फळा आणि खडू आणि समोर वर्ग, बस. हे शंकर मूळचे आयआयटी मद्रासचे इलेक्ट्रिकल इंजिनियर, मग फिजिक्सकडे वळलेले. आणि आपल्याकडे एनपीटेल आहे, फुकट लेक्चर्सचा उपक्रम, आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून सरकारी पैशातून २००३ मध्ये सुरू केलेला. त्यात आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांची क्लासिकल (न्यूटनपासून चालत आलेल्या) आणि क्वांटम (अणू-इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या) फिजिक्सची लेक्चर्स ऐकाच, जगभरचे लोक ऐकतात. ती सोपी नाहीत, गणित चांगलं पक्कं लागतं, पण एखादं समीकरण असंच का आहे, दुसरं कुठलं का चालणार नाही, हे ते ज्या शांतपणे उलगडतात ते मी अजून कुठे पाहिलेलं नाही.

तर मी रात्री जेवणं आवरली की लेक्चर लावायचे, दीडपट स्पीडने, आणि महिन्याभरात कोर्स संपवायचे. मग एक दिवस शंकर यांच्या कोर्ससोबतचे प्रॉब्लेम्स उघडले, तेही साइटवर उत्तरांसकट फुकट आहेत, तर पहिल्याच सेटमधला एकही धड सुटेना. बघताना एकही ओळ अडली नव्हती.

हार्वर्डमध्ये याचीच रीतसर परीक्षा घेतली गेली, तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. फिजिक्सच्या पहिल्या कोर्सची मुलं दोन गटांत वाटली, एका गटाला अनुभवी शिक्षकाचं उत्तम लेक्चर, दुसऱ्याला तेच मुद्दे पण आधी स्वतः गटात बसून सोडवायचे आणि मग उत्तर, पुढच्या तासाला उलट. लेक्चर ऐकणाऱ्यांना वाटलं आपण जास्त शिकलो, टेस्टमध्ये जास्त मार्क पडले ते झटापट करणाऱ्यांना. म्हणजे शिक्षक जितका सफाईदार तितकी आपली फसगत होण्याची शक्यता मोठी, आणि इंटरनेटवर तर आपण निवडून निवडून सगळ्यात सफाईदारच शिक्षक बघतो.

मग मी पद्धत बदलली. शिक्षकाने प्रश्न मांडला की पॉज, वहीत स्वतःचं उत्तर लिहायचं, चुकीचं का असेना पण पेनाने लिहायचं, मगच पुढे. एका तासाच्या लेक्चरला तीन तास लागतात आणि लागू देत.

आणि जे घरी करून बघता येतं ते करून बघायचं. लंबकाचा धडा झाला तेव्हा खिडकीच्या गजाला दोरा बांधून खाली कुलूप अडकवलं. लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ, फक्त लांबीवर आणि गुरुत्वीय त्वरणावर अवलंबून असतो, झोका लहान असला तर, म्हणून उलटं गणित करून पृथ्वीचं ते त्वरण काढता येतं: चार गुणिले पायचा वर्ग गुणिले लांबी, भागिले आवर्तकालाचा वर्ग. एक झोका मोजला तर स्टॉपवॉच दाबण्यातच चूक होते म्हणून २० मोजले, ४० सेकंद आले, म्हणजे एकाला २. दोरा ९५ सेंटीमीटर. उत्तर आलं ९.३८, यायला हवं होतं ९.८ च्या आसपास. तीनदा मोजलं, तेच. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना बसमध्ये लक्षात आलं की लांबी दोऱ्याच्या टोकापर्यंत नाही, कुलपाच्या मध्यापर्यंत धरायची, कारण वजन तिथे आहे. घरी येऊन पट्टी लावली, ४ सेंटीमीटर राहिले होते. ९९ धरून केलं तर ९.७७! हे वाक्य लेक्चरमध्ये होतं, मी ऐकलंही होतं, पण त्या ४ सेंटीमीटरनंतर ते आता कधी विसरणार नाही.

मराठी मीडियमच्या मुलांसाठी एक गोष्ट सांगाविशी वाटते. इंग्लिश लेक्चरमध्ये मोमेंटम, इनर्शिया, पोटेन्शियल एनर्जी असे शब्द भराभर येतात आणि मूल तिथेच घाबरतं, पण संवेग, जडत्व, स्थितिज ऊर्जा हे सगळं त्याला दहावीपासून येत असतं, ओळख पटायला वेळ लागतो एवढंच. वहीच्या मागच्या पानावर जोड्या लिहून ठेवल्या की दोन आठवड्यांत अडचण संपते. सबटायटल चालू ठेवा, स्पीड कमी करा, त्यात काही कमीपणा नाही.

भाचीने आता एमआयटीचा क्वांटमचा कोर्स उघडलाय, अ‍ॅलन अ‍ॅडम्स यांचा, २०१३ चा. खरं तर तिला अजून गणित कमी पडेल, पण पहिलं लेक्चर कुणीही बघावं असं आहे. त्यात इलेक्ट्रॉनचे दोन गुण धरलेत, नावं नुसती मानलेली, रंग काळा किंवा पांढरा, आणि कठीण किंवा मऊ, आणि ते वेगळे करणारे डबे. रंगाच्या डब्यातून फक्त पांढरे घेतले, ते दुसऱ्या डब्यात घालून त्यातले फक्त कठीण निवडले, आता हे परत रंगाच्या डब्यात घातले तर काय निघेल? तिथे तिने पॉज केलं, वहीत लिहिलं, "सगळे पांढरे, कारण आधीच पांढरे निवडलेत", आणि मला फोन करून विचारलं, मावशी बरोबर ना. मी काही सांगितलं नाही, म्हटलं प्ले कर. निम्मे पांढरे, निम्मे काळे निघाले. फोनवर बराच वेळ ती काही बोललीच नाही, मग म्हणाली, "थांब, मी मागे जाऊन परत बघते."