लाइव्ह रॉकमधले बिनतिकीट प्रवासी

घरात खाऱ्या पाण्याच्या माशांची आणि प्रवाळांची टाकी लावणारा माणूस आज विक्रेत्याकडे गेला की दगडाविषयी हटकून विचारतो : लाइव्ह रॉक, म्हणजे टाकीतले पाणी शुद्ध ठेवणाऱ्या जिवाणूंनी भरलेला दगड, पेस्ट-फ्री (उपद्रवी जीवांपासून मुक्त) आहे ना? म्हणजे त्यात ऐपटेशिया (दंश करणारे समुद्रफूल) नाही, मॅन्टिस श्रिंप (कोळंबीसारखा शिकारी जीव) नाही, बबल अल्गी (बुडबुड्यांसारखे शेवाळ) नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणाला कळलाच नसता. तेव्हा खाऱ्या पाण्याच्या टाकीत मांडलेली प्रवाळे पांढरीशुभ्र असत, कारण ती मेलेली असत. त्यांच्यावर शेवाळाची पुटे चढली की बाहेर काढायची, ब्लीचमध्ये बुडवायची, धुऊन वाळवून पुन्हा जागेवर ठेवायची. तळाच्या रेतीतून पाणी ओढणारा फिल्टर, चार काटक मासे आणि मधे हा सांगाडा. उपद्रवी जीव त्या टाकीत नव्हते, तसे दुसरेही फारसे काही नव्हते.

ही रीत मोडली जकार्तातल्या ली चिन एंग यांनी. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या ‘ट्रॉपिकल फिश हॉबिइस्ट’ या मासिकात त्यांनी आपली ‘नैसर्गिक पद्धत’ मांडली. समुद्राचेच पाणी, सूर्यप्रकाश, बारीक नळीतून सुटणारे हवेचे बुडबुडे आणि समुद्रातून उचलून आणलेले ‘जिवंत दगड’. फिल्टर नाहीच. दगडावरचे स्पंज, शेवाळ, किडे, इवले खेकडे काही खरवडायचे नाही, सगळे तसेच राहू द्यायचे. ज्याला इतर जण घाण समजून ब्लीचमध्ये मारत होते, तीच टाकी चालवते, असे हा माणूस सांगत होता. जावाचा समुद्र हाताशी असलेल्याला जे साधले ते समुद्रापासून हजार मैल लांब राहणाऱ्याला साधणे अवघड होते, त्यामुळे पद्धत लगेच रुजली नाही. कल्पना मात्र राहिली.

खरे तर दगड स्वतः जिवंत नसतो. मेलेल्या प्रवाळांचा, शिंपल्यांचा, चुना धरणाऱ्या शेवाळाचा तो सांगाडा. आतून बाहेरून छिद्राछिद्रांचा. त्याच्या पृष्ठभागावरचे, भरपूर प्राणवायू मिळणारे जिवाणू माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आतल्या छिद्रांत प्राणवायू कमी पडतो. तिथले वेगळे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. एकाच दगडात दोन कारखाने. वर जांभळ्या-गुलाबी कोरलाइन शेवाळाचा थर बसला की दगड देखणाही दिसतो, आणि ग्राहक बहुतेक वेळा त्या रंगालाच भुलतो.

ली यांच्या दगडाला यंत्राची जोड दिली ती जर्मनभाषक शौकिनांनी. १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडचे पीटर विल्केन्स टाकीत ‘काल्कवासर’ घालू लागले. जर्मन नाव भारदस्त वाटते, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे : चुन्याची निवळी. शाळेच्या प्रयोगशाळेत नळीने फुंकर मारून जी आपण दुधाळ केली, तीच. प्रवाळांना सांगाडा बांधायला लागणारे कॅल्शियम त्यातून मिळते. बर्लिनमध्ये डिट्रिश श्ट्युबर आणि त्यांच्या मंडळींनी भरपूर दगड, जोरकस प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र), झगझगीत दिवे आणि ही निवळी यांची सांगड घातली, आणि घरातल्या टाकीत अ‍ॅक्रोपोरासारखी नाजूक प्रवाळे वाढू लागली. हीच ‘बर्लिन पद्धत’. अमेरिकेत १९८६ पासून जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी ‘मिनी-रीफ’ची लाट आणली, ती ट्रिकल फिल्टरच्या, म्हणजे पाणी ठिबकवत गाळणाऱ्या फिल्टरच्या, आधाराने. नव्वदीत लोकांनी त्या फिल्टरमधले प्लास्टिकचे गोळे काढून टाकले आणि सगळा भार दगडावर सोपवला.

इथून दगडाची मागणी टनांत मोजावी लागली. अमेरिकेला सर्वांत जवळचा साठा होता फ्लोरिडाचा. पहारी-हातोड्यांनी समुद्रतळ फोडून खडक बोटींत भरला जाई. असा खडक घडायला हजारो वर्षे लागतात, तो फोडायला एक सकाळ पुरते. फ्लोरिडा राज्याने १९८९ मध्ये आपल्या हद्दीत हे काम बंद केले. बोटी पुढे खोल, केंद्र सरकारच्या हद्दीतल्या पाण्यात गेल्या. तिथेही टप्प्याटप्प्याने बंदी आली, अटलांटिकच्या बाजूला १९९६ च्या आरंभी आणि मेक्सिकोच्या आखातात १९९७ च्या आरंभी. त्याआधीच, १९९० पासून, सगळी दगडी प्रवाळे ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात होती. लाइव्ह रॉक हा शेवटी प्रवाळाचाच सांगाडा, म्हणून त्याच्या परदेशी व्यापारालाही परवाने लागू लागले.

या बंदीला एक पळवाट नव्हे, सरळ वाट ठेवली होती. समुद्रतळाचा एक तुकडा भाडेपट्ट्याने घ्या, जमिनीवरच्या खाणीतला चुनखडक बोटीने नेऊन तिथे टाका, एक-दोन वर्षांनी वर काढा आणि विका. अट एवढीच की तुमचा दगड तिथल्या नैसर्गिक खडकाहून ओळखू येण्याइतका निराळा हवा. नाहीतर कोण काय उचलतो ते तपासणार कसे? फिजीत सिमेंट आणि वजनाला हलका प्युमिस दगड यांचे ओबडधोबड ठोकळे ओतून ते समुद्रात मुरवण्याचे काम सुरू झाले. समुद्राचा खडक उचलून आणण्याऐवजी समुद्रात दगड पेरून काढायचा, हा मोठा बदल होता. मात्र त्यामागचे कारण कायदा होते. उपद्रवी जीव या हिशेबात कुठेच नव्हते. फ्लोरिडाच्या पेरलेल्या दगडातही मॅन्टिस श्रिंप आणि केसाळ खेकडे जुन्याइतकेच भरलेले असत. समुद्राला त्या भाडेपट्ट्याची कल्पना नव्हती.

दगड ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून विमानाने येई. वाटेत स्पंज मरत, आणि खोका उघडला की सडक्या मासळीचा वास घरभर पसरे. म्हणून ‘क्युरिंग’. आपल्याकडे हा शब्द बांधकामावरचा, स्लॅबवर पाणी मारत राहण्याचा. इथे त्याचा अर्थ दगड काही आठवडे वेगळ्या पिंपात, अंधारात, वाहत्या खाऱ्या पाण्यात ठेवणे, जेणेकरून मरायचे ते तिथे मरून कुजून जाईल आणि अमोनिया मुख्य टाकीत जाणार नाही. एवढ्या सगळ्यातून जे जीव तगून राहात ते अर्थातच चिवट असत. क्युरिंगने नाजूक पाहुणे मरत आणि दांडगे उरत. ही चाळणी कशी उलटी लागते, हे उमगायला शौकिनांना बरीच वर्षे गेली.

दांडग्यांचा राजा म्हणजे ऐपटेशिया. काचेसारखे तपकिरी, बोटाच्या पेराएवढे समुद्रफूल. खरवडायला जावे तर तळव्याचा कण मागे राहतो, आणि त्या कणातून नवे फूल उभे राहते. डिवचले नाही तरी चालताना ते तळव्याचे तुकडे मागे सोडत जाते. त्याच्या दंशाने शेजारची प्रवाळे मिटून जातात. पेपरमिंट कोळंबी ते खाते, म्हणजे मनात आले तर खाते. बर्गिया नावाची इवली समुद्री गोगलगाय दुसरे काही खातच नाही, त्यामुळे ऐपटेशिया संपले की तीही उपाशी मरते. शौकिनांच्या या वैऱ्याला प्रयोगशाळेत मात्र मानाचे पान आहे. प्रवाळ आणि त्याच्या पेशींत राहणारे शेवाळ यांचे नाते अभ्यासायला ऐपटेशिया सोयीचे पडते, कारण ते मरता मरत नाही; २०१५ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंचही प्रसिद्ध झाला.

सगळ्यांत गाजलेला बिनतिकीट प्रवासी मात्र निघाला इंग्लंडात. कॉर्नवॉलमधल्या न्यूक्वेच्या ब्लू रीफ मत्स्यालयात २००९ च्या सुमारास प्रवाळांचे लचके तुटलेले दिसू लागले, मासे जखमी होऊ लागले. रात्री कोण येते कळेना. आमिष लावलेले सापळे ठेवले तर ते कुरतडलेले सापडत. शेवटी कर्मचाऱ्यांनी एकेक दगड उचलून सगळी मांडणी मोडली, तेव्हा सुमारे चार फुटांचा एक समुद्री किडा बाहेर आला. लोकांनी त्याचे नाव ‘बॅरी’ ठेवले. बहुधा बोटभर असताना एखाद्या दगडातून तो आला आणि तिथेच पोसला गेला.

दगड बाहेर काढून जीव हुसकायच्या युक्त्या मग निघाल्याच. नेहमीच्या १.०२५ घनतेऐवजी १.०३५ च्या जास्त खारट पाण्यात दगड बुडवला की खेकडे आणि मॅन्टिस जीव मुठीत धरून बाहेर पळतात. कुणी बिळांत पिचकारीने सोडा वॉटर मारतो. पण ऐपटेशियाला पाय नाहीत आणि शेवाळाच्या बीजाणूंना घाई नाही. ते दोघे आत बसून राहतात.

दगड समुद्रात जाऊच न देण्याची कल्पना दुसऱ्याच टोकाहून आली. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, समुद्रापासून दूर बॉइझी गावी, ‘गार्फ’ या संस्थेने नव्वदीत ‘अ‍ॅरागोक्रीट’चा प्रसार केला. पोर्टलँड सिमेंट, प्रवाळाचा चुरा आणि अ‍ॅरागोनाइट या चुनखनिजाची वाळू कालवून ओल्या वाळूच्या खड्ड्यात ओतायची, की झाला दगड. छिद्रे हवीत म्हणून काही जण त्यात खडेमीठ घालत; ते पाण्यात विरघळले की पोकळ्या उरत. अडचण ताज्या सिमेंटची. त्यातून चुना झिरपत राहतो आणि पाण्याचा पीएच इतका चढतो की मासा टिकणार नाही. म्हणून आठवडेच्या आठवडे पाणी बदलत तो दगड मुरवावा लागतो. इथे मात्र क्युरिंगचा अर्थ आपल्या गवंड्याच्या अर्थाशी बराच जुळतो.

पुढे जमिनीखालच्या प्राचीन प्रवाळखडकाच्या खाणींतला कोरडा दगड, भट्टीत भाजलेला सिरॅमिक दगड, जांभळा रंग आधीच चढवलेला दगड असे प्रकार बाजारात आले. फिजीने २०१७ च्या अखेरीस प्रवाळ आणि लाइव्ह रॉक यांची निर्यात थांबवली, आणि कोरड्या दगडाचे दिवस पक्के झाले. पाठोपाठ मे २०१८ मध्ये इंडोनेशियानेही प्रवाळांची निर्यात रोखली; जोपासलेल्या प्रवाळांची निर्यात तिथे २०२० च्या सुरुवातीला पुन्हा सुरू झाली. ‘पेस्ट-फ्री’ हा शब्द विक्रीच्या पाटीवर ठळक झाला तो याच काळात. ग्राहकाला स्वच्छ दगड मिळाला तो मुख्यतः समुद्रातला दगड मिळेनासा झाला म्हणून. नंतर विक्रेत्यांनी त्यालाच गुण म्हणून मिरवले, त्यात चूक काही नाही.

हा कोरडा दगड ‘लाइव्ह’ करायचा कसा? दगड आधी ब्लीचमध्ये, मग सौम्य आम्लात धुतात, म्हणजे वरचा थर आणि त्यात अडकलेला फॉस्फेटही काही प्रमाणात निघतो. मग मोठ्या पिंपात २५-२६ अंशांचे खारे पाणी, पाणी फिरवायला पंप, बाटलीतले जिवाणू आणि त्यांना खाऊ म्हणून मोजून टाकलेला अमोनिया. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला की दगड कामाला लागला म्हणायचे. कोरलाइनचा रंग हवा असेल तर पुढचे कित्येक महिने उजेड आणि कॅल्शियम सांभाळायचे. पिंपात मासा नसल्याचा फायदाही असतो : पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी माशावाचून आपले चक्र पुरे करू शकत नाही. तो संपावा म्हणून पिंप माशावाचून किती ठेवायचे, यासाठी शौकिनांत ७६ दिवसांचा आकडा रूढ आहे.

हे सगळे दह्यासारखे आहे, फक्त विरजणाची पंचाईत असते. जुन्या टाकीतला दगडाचा एक तुकडा पिंपात टाकला की काम झपाट्याने होते. पण त्या तुकड्यात ऐपटेशियाचा कण असेल तर पिंपभर तेच लागते. म्हणून बाटली. आणि बाटलीत जिवाणूंच्या मोजक्या जाती असतात, समुद्रातल्या दगडावर असतो तसा गोतावळा नसतो. मग रिकामी जागा भलतेच जीव बळकावतात. आधी तपकिरी डायटम, मग लालसर सायनोबॅक्टेरिया, आणि नशीब फुटके असेल तर डायनोफ्लॅजेलेट : बुडबुडे अडकलेले, शेंबडासारखे तपकिरी दोरे, जे गोगलगाईंनी खाल्ले तर गोगलगाई मरतात. आधीच्या पिढीला या दोऱ्यांचा इतका जाच नव्हता. दगडातून किडे आणि खेकडे गेले, त्यांच्याबरोबर पहारेकरीही गेले. ब्रिसल वर्म या केसाळ समुद्री किड्याला एके काळी दिसताक्षणी चिमट्याने पकडून मारत. आज तोच उरलेसुरले अन्न फस्त करणारा म्हणून पैसे देऊन आणला जातो.

भारतात यातला अर्धा इतिहास घडलाच नाही. मन्नारच्या आखातात प्रवाळ खणले जात ते चुन्यासाठी, टाक्यांसाठी नव्हे. ११ जुलै २००१ रोजी दगडी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, म्हणजे कागदोपत्री वाघाच्या पंगतीत. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड पिशवीत घालून घरी आणणे हा त्यामुळे गंभीर गुन्हा ठरतो, दगड मेलेला असला तरी. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही वन खात्याची परवानगी घेऊन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून ते काम करवून घ्यावे लागले. इथल्या शौकिनाला कायदा पाळायचा तर सिरॅमिक, सिमेंट आणि बाटली हीच सुरुवात. अमेरिकेतला माणूस तीस वर्षांच्या वळणांनी जिथे पोचला, तिथे हा पहिल्याच दिवशी उभा असतो.

अमेरिकेत मात्र गेल्या काही वर्षांत वारे पुन्हा फिरले आहे. टाकीतला बहुतेक दगड कोरडा घ्यायचा आणि विरजणापुरता मूठभर फ्लोरिडाचा, समुद्रात मुरलेला, अशी तडजोड लोक करतात. तो मूठभर दगड आठवडेच्या आठवडे वेगळ्या बादलीत ठेवतात. रात्री लाल उजेडाची बॅटरी घेऊन त्यात डोकावतात, आणि कान देऊन ऐकतात. बादलीतून ‘टक्’ असा आवाज आला तर आत मॅन्टिस असू शकतो. किंवा पिस्तूल कोळंबी, जी बहुधा कुणाच्या अध्यातमध्यात नसते. नुसत्या आवाजावरून दोघांतला फरक सांगता येत नाही.