पत्रा ओढतो तेव्हा : जुन्या गाड्यांच्या वेल्डिंगची पार्श्वभूमी

जुनी पद्मिनी दुरुस्तीला काढली आणि आतलं मॅटिंग उचललं, की बऱ्याचदा फ्लोअरच्या पत्र्यातून खालची जमीन दिसते. मुंबईचा पावसाळा, खारी हवा आणि दाराखालच्या पोकळ सिलमध्ये साचलेला चिखल, एवढं त्याला पुरतं. शिवाय हिचं मूळ असलेली १९५३ ची फियाट ११००/१०३ मोनोकॉक होती. वेगळी चॅसी नाही, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर. त्यामुळे पॅच नुसता चिकटून भागत नाही, त्याने भार पेलला पाहिजे.

पूर्वी बॉडी म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा. संपूर्ण पोलादी बॉडीचा हट्ट धरला फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बडने. डॉज बंधूंनी १९१४ मध्ये त्याच्याकडून अशा बॉड्या घेतल्या, दहा वर्षांनी सित्रोएनने हे तंत्र युरोपात उचललं. पुढे कारखान्यांत राज्य आलं ते स्पॉट वेल्डिंगचं : तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे दाबायचे, वीज सोडायची, क्षणात जोडाचा टाका पडतो. गॅरेजवाल्याची पंचाईत एवढीच, की बंद सिलच्या आत दुसरं टोक घालायचं कुठून?

म्हणून त्याच्या हाती आला गॅस. फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार यांनी १९०३ च्या सुमारास ऑक्सि-ॲसिटिलीनचा टॉर्च वापरात आणला. ॲसिटिलीन मिळायचा कार्बाईडच्या खड्यांवर पाणी सोडून. (हो, चोरून आंबे पिकवतात तेच कार्बाईड.) ज्योत ३,१०० अंशांच्या घरात, पोलाद वितळतं १,५०० च्या आसपास आणि पत्रा जेमतेम एक मिलिमीटर.

खरी अडचण मात्र भोक पडण्याची नाही, उष्णता पसरण्याची आहे. जोडाची पट्टी तापून फुगते, पण शेजारचा गार पत्रा तिला जागा देत नाही. मऊ झालेली पट्टी मग स्वतःतच दबते, जाड होते आणि गार झाल्यावर पूर्वीपेक्षा आखूड राहते. यालाच म्हणतात पत्रा ओढला. दारासारख्या सपाट भागावर तो झोल लपत नाही. जुना डेंटर म्हणून एकमेकांपासून दूरदूर टाके घेतो, बाजूला ओलं फडकं ठेवतो आणि जोडाखाली डॉली (हातात मावणारा लोखंडी ठोकळा) धरून वरून बारीक हातोडी चालवतो : आखूड झालेला पत्रा तेवढाच पुन्हा लांबवायचा. उरलेले खळगे पूर्वी कल्हई करून शिशा-कथलाने भरत. मग पॉलिस्टरची लांबी, म्हणजे पुट्टी, आली आणि बऱ्याच पापांवर पांघरूण पडलं.

गॅसनंतर आली विजेच्या ठिणगीची दोन तंत्रं. पहिलं टिग : टंग्स्टनच्या टोकातून ठिणगी, भोवती हवा दूर ठेवणारा वायू. ते जन्मलं विमानांसाठी. नॉर्थ्रॉपमध्ये रसेल मेरेडिथ १९४१ च्या सुमारास मॅग्नेशियम जोडायच्या खटपटीत होता. दुसरं मिग : यात सतत पुढे सरकणारी वायरच वायूच्या आवरणात वितळून जोड भरते. ते १९४८ मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत आकाराला आलं, जाड धातूसाठी. पत्र्याच्या कामाला ते आलं पन्नासच्या दशकात, कार्बन डायऑक्साइड आणि बारीक वायरमुळे. वायर वितळलेल्या धातूला सेकंदात कित्येकदा टेकते, दरवेळी एक थेंब सोडते. उष्णता कमी, काम झटपट. आपल्या गॅरेजांत त्याला आजही ‘सीओटू’ म्हणतात, बाटलीत आर्गॉनचं मिश्रण असलं तरी.

गॅसला उतरती कळा लागली ती सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर. गाड्या हलक्या करायला जास्त ताकदीचं पोलाद आलं आणि गॅसच्या दूरवर पसरणाऱ्या उष्णतेने त्याची ताकद जायची. पद्मिनीचा पत्रा साधा मऊ पोलादाचा, तिला हे कारण लागूच नाही. उलट मिगचा टाका कडक होतो, हातोडीला दाद देत नाही. ग्राइंडर फिरवावा तर शेजारचा पत्रा पातळ होतो. बॉनेट-फेंडरला मी तरी गॅस किंवा टिगच सुचवेन.

सिल आणि फ्लोअरला मात्र मिग उत्तम. वरच्या पत्र्याला सहा-आठ मिलिमीटरचं भोक पाडायचं, दोन्ही पत्रे चिमट्याने घट्ट आवळायचे आणि खालच्या पत्र्यापासून सुरुवात करून ते भोक भरून काढायचं. कारखान्यातल्या स्पॉटच्या जागी तसाच टाका बसतो आणि दुसरं टोक आत घालावंच लागत नाही.