फाकलेला पाय सरळ होतो कसा?

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळून वय झालेल्या एखाद्या बाईला गुडघ्याचं विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "चाललंय तसं चालू द्या." दुखणं अंगावर काढलं जातं, तोवर गुडघ्याची आतली गादी झिजते, वजन आणखी आत सरकतं आणि झीज वाढत जाते. शेवटी उभं राहिल्यावर दोन गुडघ्यांमध्ये वीतभर फट दिसते. हाच फाकलेला पाय. गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवण्याच्या शस्त्रक्रियेत तो सरळ करावा लागतो.

खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत काढलेली रेघ निरोगी पायात गुडघ्याच्या साधारण मधून जाते. फाकलेल्या पायात ती आतल्या बाजूला सरकते. हा बाक 20 अंशांपलीकडे गेला की शस्त्रक्रिया अवघड. म्हणून उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा अख्खा एक्स-रे हवाच. नुसत्या गुडघ्याच्या फिल्मवर मांडीच्या किंवा नडगीच्या हाडातला बाक कळत नाही.

हाडं ठरल्या कोनात कापणं त्यातल्या त्यात सोपं. खरी अडचण लिगामेंटची, म्हणजे दोन हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांची. आतलं आखडलेलं, बाहेरचं ताणून सैल. मागावरचा ताणा एका कडेला ओढलेला आणि दुसरीकडे ढिला असावा तसं. तसाच कृत्रिम सांधा बसवला तर तो डुगडुगतो.

मग आतलं लिगामेंट हाडावरून सोडवायचं? सोडवतात, पण प्रमाणाबाहेर गेलं की गुडघा आतल्या बाजूनं सैल पडतो आणि जास्त बंदिस्त बनावटीचा, म्हणजे लिगामेंटचं काम स्वतःच करणारा सांधा घालावा लागतो. म्हणून आधी कडेला उगवलेले हाडाचे काटे काढतात. ते लिगामेंटला खालून उचलून धरत असतात; ते गेले की बराच ताण उतरतो. मग सांध्याचं मागचं-आतलं आवरण मोकळं करतात.

एवढ्यानंही भागलं नाही, तर मला सगळ्यात आवडणारी युक्ती. कृत्रिम सांध्याची नडगीवर बसणारी बैठक एक माप लहान घ्यायची, ती बाहेरच्या बाजूला सरकवून बसवायची आणि आत उघडी राहिलेली हाडाची कड छाटायची. लिगामेंट लांब करण्याऐवजी त्याची वाटच छोटी केली! साधारण 2 मिलिमीटर हाड काढलं की 1 अंशाच्या आसपास सुधारणा मिळते. याशिवाय सुईनं लिगामेंटला भोकं पाडून ते सैल करतात, किंवा मांडीच्या हाडाचा लिगामेंटसकट तुकडा कापून, सरकवून स्क्रूनं बसवतात. बाक सांध्यापासून लांब, हाडातच असेल, तर कधी ते हाडच कापून सरळ करावं लागतं.

नडगी आतून खचलेली असेल, तर कापलेल्या हाडाचाच तुकडा तिथं बसवतात. खड्डा मोठा असेल तर धातूचा ठोकळा आणि हाडात उतरणारी लांब दांडी. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्रानं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा आणली खरी, पण खर्चाचा अंदाज घेताना ठोकळा आणि दांडी लागणार का, हे आधीच विचारून घ्यावं.