छीपाव आणि शिंप्याची भूमिती

नारळाला जिलेटीन कागद गुंडाळून पाहा. कितीही जपून गुंडाळा, टोकाशी चुण्या पडतातच. सपाट पृष्ठभाग ताणल्या-आखडल्याशिवाय घुमटावर बसत नाही, हे गाउस या गणितज्ञाने १८२७ मध्ये सिद्ध केलं. शिंप्यांना ते हाताने कधीचंच कळलं होतं.

चिनी बायकांचा छीपाव घ्या. उभी कॉलर, गळ्यापासून उजव्या काखेकडे वळत जाणारी कड, कापडाच्याच गाठींच्या गुंड्या आणि दोन्ही बाजूंना कट. नावाचा अर्थ ‘झेंडेवाल्यांचा झगा’, कारण मांचू लोक, म्हणजे चीनवर एके काळी राज्य करणारा समाज, आठ झेंड्यांखाली विभागलेले असत. कॅन्टोनीज बोलणारे त्याला चाँगसाम, म्हणजे लांब अंगरखा म्हणतात. १९२० च्या दशकात तो सरळ आणि ऐसपैस होता. अंगाला बिलगला तो पुढच्या दशकातल्या शांघायमध्ये.

आपला शिंपी ब्लाउजला टक्स घालतो, म्हणजे जादा कापडाची चिमूट शिवून गोलाई आणतो. जुन्या छीपावाला टक्स नव्हते, खांद्यावर शिवणही नव्हती. कापड खांद्याशी दुमडायचं आणि पुढचा भाग, मागचा भाग, बाह्या अखंड कापायच्या. मग कंबर यायची कुठून?

थोडी कापण्यातून, बाकीची इस्त्रीतून! रेशमाच्या धाग्यातले रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओलावा आणि उष्णता मिळाली की यातले बरेच बंध सुटतात आणि कापड सुकून निवताना नव्या जागी जुळतात. तेवढ्या वेळात शिंपी कंबरेजवळची कड ओढून लांबवतो आणि नितंबांजवळची आत दाबून आखडवतो. कापड एकच, पण कुठे वाढलेलं, कुठे घटलेलं. अर्थात पाण्याने बसवलेला आकार पाण्यानेच सैलावतो, म्हणून असा झगा धुणं म्हणजे जिकिरीचं काम.

कडेची पट्टी नेहमी उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, कापतात. विणलेलं कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने फारसं ताणत नाही, तिरकं ओढलं की मात्र धाग्यांचे चौकोन शंकरपाळ्यांसारखे होतात आणि पट्टी वळणावर चुणी न पडता फिरते. रेशीम फार निसटतं, म्हणून पट्टीला आधी खळ लावतात. फुलाच्या आकाराच्या गुंड्यांत तर बारीक तांब्याची तारही घालतात, नाहीतर पाकळ्या मान टाकतात.

बाजूचे कट शोभेचे वाटतात, पण घेर इतका अरुंद की त्यांच्याशिवाय मोठं पाऊल टाकणं कठीण.

१९४९ च्या सुमारास शांघायचे अनेक शिंपी हाँगकाँगला गेले. तिथे १९५० च्या दशकात पाश्चात्त्य शिवणकामातून टक्स, खांद्याची शिवण आणि चेन आली. झगा आणखी चपखल बसू लागला, हे मान्य. पण नक्षीच्या रेशमावर टक्स घेतला की एखादं फूल नेमकं मधोमध गिळलं जातं. अखंड कापडावर ते छातीवर पूर्ण उमललेलं दिसायचं.