पार्श्वभूमी : दीर्घिकासमूहांची प्रारणावरची खूण

दीर्घिकासमूह, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या दीर्घिकांचे (गॅलेक्सींचे) समूह, आणि विश्वाचं आदिम प्रारण, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या काळापासून पसरलेला प्रकाश, यांचा अभ्यास सुरुवातीला वेगवेगळाच चालू होता. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. इतक्या वेगवान दीर्घिका नुसत्या दिसणाऱ्या द्रव्याच्या बळावर एकत्र टिकल्याच नसत्या, म्हणून तिथे न दिसणारं द्रव्य असलं पाहिजे, असं त्यांनी मांडलं. कित्येक वर्षं ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनातली खरखर काही केल्या जाईना. ती होती विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळ्या झालेल्या प्रारणाची. आज त्याचं तापमान जेमतेम २.७ केल्विन आहे.

या दोहोंची सांगड घातली रशीद सुन्याएव आणि याकोव झेल्दोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी, १९७० च्या सुमारास. समूहातल्या दीर्घिकांच्या मधे कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू असतो. त्यातून जाताना प्रारणाचे फार तर शंभरातले एक-दोन फोटॉन (प्रकाशकण) वेगवान इलेक्ट्रॉनांवर आदळतात आणि जास्त ऊर्जा घेऊन बाहेर पडतात. त्यामुळे समूहाच्या दिशेला सुमारे २१७ गिगाहर्ट्झ या वारंवारतेच्या खाली प्रारण किंचित मंद दिसतं, त्याच्या वर किंचित तेजस्वी. हा फरक केल्विनच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. त्यामुळे खात्रीची निरीक्षणं हाती यायला १९८० चं दशक उजाडलं.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की अंतर वाढलं म्हणून ही खूण फिकी पडत नाही. ताऱ्यांचा प्रकाश आणि क्ष-किरण दूरवरून येता येता क्षीण होतात. इथे मात्र प्रकाशाचा स्रोत समूहाच्याही मागे आहे. म्हणूनच दक्षिण ध्रुवावरची १० मीटरची दुर्बीण, चिलीतल्या अटाकामामधली ६ मीटरची दुर्बीण आणि २००९ मध्ये झेपावलेला प्लांक उपग्रह यांनी फार दूरचे समूहही शोधून काढले.

समूह किती आणि कोणत्या काळात घडले, यावरून विश्वातलं द्रव्य आणि विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी कृष्णऊर्जा यांचा अंदाज बांधता येतो. पण २०१३ मध्ये पेच पडला. प्लांकने प्रारणावरून बांधलेल्या अंदाजाच्या मानाने त्यालाच सापडलेले समूह कमी भरले. बहुतेकांचा रोख समूहांच्या वस्तुमानावर होता, कारण ते थेट तोलता येत नाही. मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने किती विकृत होतात, हे मोजून आता ते ठरवतात. इरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या समूहांसाठी हीच पद्धत वापरली गेली आणि २०२४ मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष प्लांकने प्रारणावरून बांधलेल्या अंदाजाशी जुळले.