पाणी उपसणारी पवनचक्की वेगळी, वीज करणारी वेगळी

पवनचक्की म्हटलं की हल्ली डोळ्यासमोर येते ती डोंगरावरची पांढरी, उंच, तीन पात्यांची. मग कुठल्यातरी जुन्या फोटोत विहिरीवर उभी असलेली लोखंडी, गोल, गच्च पात्यांची चक्की दिसली की लोक बिनधास्त म्हणतात हे जुनं मॉडेल, सुधारत सुधारत तीन पाती झाली. असं काही नाहीये. ती दोन वेगळ्या कामांची वेगळी यंत्रं आहेत, आणि वर किती पाती हवीत हे खाली कुठला पंप आहे त्यावरून ठरतं. म्हणून आधी खाली विहिरीतच उतरू.

जमिनीवर ठेवलेला पंप कितीही दणकट घ्या, तो पाणी 10.3 मीटरपेक्षा जास्त खोलीवरून ओढूच शकत नाही, कारण पंप फक्त पाइपातली हवा कमी करतो, पाणी वर ढकलायचं खरं काम बाहेरच्या हवेचा दाब करतो आणि समुद्रसपाटीला त्या दाबाची ताकदच तेवढी. गळती, घर्षण वगैरे धरून प्रत्यक्षात 7 मीटर मिळाले तरी पुष्कळ. मोटर मोठी लावून यात काहीही फरक पडत नाही. त्याहून खोल जायचं तर एकच इलाज, पंप खाली पाण्यात सोडायचा आणि तिथून पाणी वर उचलायचं किंवा ढकलायचं.

पाण्याची पवनचक्की नेमकं हेच करते, खोल बोअरवरच्या हापशासारखंच, फक्त दांडा माणसाऐवजी वारा मारतो. पाइपाच्या तळाशी एक सिलिंडर असतो, त्यात वायसर लावलेला दट्ट्या, दट्ट्यात एक झडप आणि त्याच्याही खाली फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त आत घेणारी तळाची झडप. वरच्या चाकापासून या दट्ट्यापर्यंत एक लांबलचक सळई जाते. सळई वर आली की दट्ट्यातली झडप मिटते, वरचं सगळं पाणी उचललं जातं आणि फूट व्हॉल्व्हमधून नवीन पाणी आत शिरतं. सळई खाली गेली की उलट, फूट व्हॉल्व्ह बंद, दट्ट्यातली झडप उघडी, आणि दट्ट्या पाण्यातून नुसता खाली सरकतो. म्हणजे काम होतं ते फक्त वर जाताना.

आता यातली खरी अडचण बघा. 50 मिलिमीटरचा सिलिंडर आणि 30 मीटर उंच पाणी धरलं तर दट्ट्यावर जवळपास 59 किलोचा भार येतो, सळईचं वजन वेगळं. वारा बारीक असला म्हणून हा भार कमी होत नाही, पहिल्याच हिसक्याला सगळा उचलावा लागतो. आणि काम अर्ध्याच फेऱ्यात होत असल्यामुळे एका पूर्ण फेऱ्याला सरासरी जेवढा पीळ, म्हणजे फिरवायचा जोर (टॉर्क), लागतो त्याच्या तिपटीहून जास्त पीळ चक्कीला सुरू होताना लागतो. थांबलेल्या तीन पात्यांच्या चक्कीला हे झेपत नाही. तिची पाती बारीक, ती एकदा वेगात आली की मग कमाल करतात, पण उभ्या जागी त्यांचा जोर अगदीच कमी. पंधरा-वीस रुंद पाती लावली की वाऱ्याला ढकलायला भरपूर जागा मिळते आणि सेकंदाला साधारण 3 मीटरच्या झुळकीवरसुद्धा चाक हलतं. शिवाय वर गिअर असतात, चाकाचे तीनेक फेरे झाले की सळई एकदा वरखाली होते, त्यामुळे जोर अजून वाढतो.

अमेरिकेत डॅनियल हॅलाडेने 1854 मध्ये स्वतःला सांभाळणाऱ्या चक्कीचं पेटंट घेतलं, म्हणजे वारा फार वाढला की चक्की आपणहून वेग आवरते, माणूस जवळ असायची गरज नाही. पुढे 1888 मध्ये एअरमोटर कंपनीची स्टीलच्या वळवलेल्या पात्यांची चक्की आली आणि आज आपण जो तो गोल आकार ओळखतो तो तिथेच पक्का झाला. शेपटीचं काम नुसतं वाऱ्याकडे तोंड करायचं नाही, वादळात चाक वाऱ्यापासून बाजूला वळवून घडी घालायचंही आहे. मला तर यातला हाच भाग सगळ्यात हुशारीचा वाटतो.

वीज करणारीचं गणित उलटं. जनरेटरला जोर नको, वेग हवा. तिच्या पात्याचं टोक वाऱ्याच्या सहा ते आठ पट वेगाने फिरतं, तर पाणीवालीचं टोक जेमतेम वाऱ्याएवढ्याच वेगाने. वाऱ्यातली जास्तीत जास्त 59.3 टक्के ऊर्जा काढता येते, ही बेट्झची मर्यादा. प्रत्यक्षात मोठ्या तीन पात्यांच्या चक्क्या वाऱ्यातल्या एकूण ऊर्जेच्या 40-45 टक्के काढतात आणि गच्च पात्यांचं चाक 30 च्या आसपासच अडकतं.

आणि अजून एक. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते, पण दट्ट्याच्या पंपाला त्याचं काय, चाक दुप्पट फिरलं तर पाणीही फार तर दुप्पट, बाकीचा वारा वाया. सबमर्सिबलमध्ये, म्हणजे पाण्यात सोडायच्या विजेच्या पंपात, एकावर एक रचलेले इम्पेलर (पाणी ढकलणारी फिरती चाकं) असतात, त्यांना लागणारी ताकदसुद्धा वेगाच्या घनात वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ताकद आठपट, त्यामुळे वीजवाल्या चक्कीशी त्यांची जोडी छान जमते. जिथे अशी जोडी असते, तिथे चक्की आणि पंप यांच्यात फक्त केबल. मग चक्की लांब टेकडीवर वाऱ्यात उभी करा आणि पंप खाली दरीतल्या बोअरमध्ये सोडा, काही बिघडत नाही. पाणीवालीला ही चैन नाही, सळई सरळ खाली जायला हवी म्हणून ती बरोब्बर विहिरीच्या डोक्यावरच उभी राहते, मग तिथे वारा असो नसो.

लांबून ओळखायचं असेल तर शेपटीवर जाऊ नका, छोट्या वीजवाल्यांनाही शेपूट असते. टॉवरच्या मधोमध वरखाली हलणारी सळई आहे का बघा. हॉलंडमधल्या त्या चार पात्यांच्या जुन्या चक्क्या यात धरू नका बरं का, त्यातल्या पाण्याच्या कामाच्या होत्या त्या सखल जमिनीवर साचलेलं पाणी चाकाने किंवा स्क्रूने थोड्याच उंचीवर उचलून कालव्यात टाकायच्या, विहिरीशी त्यांचा संबंध नाही.

मग घ्यायची कुठली? थोडं पाणी हवंय, वारा मंद पण रोजचा आहे, जनावरांसाठी एक टाकी भरून राहिली की झालं, तर सळईवाली अजूनही भारी, 1000 लिटर पाणी 30 मीटर वर आणायला हिशोबाने विजेच्या एका युनिटच्या बाराव्या भागाएवढीच ऊर्जा लागते. फक्त वायसर झिजले की बदलायला सळई वर ओढून काढावी लागते, तेवढी तयारी ठेवा. पाणी जास्त हवं, विहीर खोल आहे किंवा चांगला वारा विहिरीपासून लांब आहे, तर वीजवाली. आणि जागेवर ऊन भरपूर, वारा बेभरवशाचा असेल तर दोन्ही सोडा, सोलर पॅनेलवर सबमर्सिबल चालवा.